नाही म्हणणारं माणूस

जावळी तालुक्यातल्या बहुतेक घरांचा एक पाय मुंबईत असतो. मेढा हे या तालुक्याचं मुख्य ठिकाण, वेण्णेच्या काठचं. साताऱ्याहून येणारा रस्ता इथून पुढे केळघरचा घाट चढून महाबळेश्वरला जातो, आणि त्याच्या दोन्ही अंगांना डोंगराला धरून गावं बसली आहेत. पाऊस भरपूर, पण तो चार महिन्यांचा. भातखाचरं मुळातच लहान, वाटण्या होऊन आणखी लहान झालेली. पश्चिमेकडची कितीतरी जमीन कोयनेच्या जलाशयाखाली गेली. त्यामुळे इथला माणूस कित्येक पिढ्या मुंबईची वाट धरत आला आहे: गिरण्यांत, गोदीत, मशीद बंदरच्या बाजारात. पाटणकडच्या अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांची संघटना उभी केली, १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, आणि पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाला हक्काची मजुरी आणि म्हातारपणासाठी चार पैसे मिळण्याची सोय झाली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यात पुष्कळजण वळकटी बांधून गावी परतले. वाट मात्र मोडली नाही. आज ती वाशीच्या बाजार समितीकडे, कोपरखैरणे-घणसोलीच्या खोल्यांकडे जाते.

मुलांच्या लाडांबद्दलचं पुस्तक स्थलांतरापासून सुरू करण्याला कारण आहे. फाजील लाडांची गोष्ट निघाली की बोट सरळ आईकडे जातं, नाहीतर आजीकडे. ‘तुम्हीच बिघडवलंत’ हे वाक्य या घरांत इतक्यांदा उच्चारलं गेलं आहे की त्याला आता अर्थ राहिलेला नाही. मेढ्यातलं मूल कोणाच्या हाताखाली वाढतं, त्याचा बाप त्याला वर्षातून किती वेळा भेटतो, त्याला रागावण्याचा अधिकार गावात आता नेमका कोणाकडे उरला आहे, हे पाहिल्याशिवाय या विषयात एक पाऊलही पुढे टाकता येत नाही.

बाप मुंबईत आणि आई, आजी-आजोबा गावात, ही इथली जुनी घडी. आता काही घरांत आई-बाप दोघंही तिकडे असतात आणि मूल आजीपाशी. पालकसभेला शाळेत येतात त्या बायका आणि म्हातारी माणसं. त्यांच्या तोंडची वाक्यं सगळ्या गावांत सारखीच असतात. ‘आयकतच न्हाय वो.’ ‘मोबाईल काढून घेतला तर भिंतीवर डोकं आपटून घेतंय.’ ‘रडलं की माझ्याच्यानं बघवत न्हाय.’ आणि शेवटी, शिक्षकांकडे बघून: ‘तुमीच जरा सांगा त्याला.’ याच्या उलट बाजूचं वाक्यही त्याच शाळेत ऐकू येतं. शिक्षकानं मुलाला दोन शब्द ऐकवले की दुसऱ्या दिवशी घरचं कोणीतरी दारात उभं राहतं: ‘आमच्या पोराला बोलायचं न्हाय.’ दोन्ही वाक्यं एकाच घरातून आलेली असू शकतात, आणि दोन्ही खरी असतात. घराला कोणीतरी नाही म्हणायला हवं आहे, पण ते कोणी म्हटलेलं सहन होत नाही.

अभ्यासकांनी या प्रकाराला साठ वर्षांपूर्वी नाव दिलं. डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथं त्यांनी बालवाडीच्या वयाची मुलं आणि त्यांचे आईबाप जवळून पाहिले, आणि १९६६-६७ च्या सुमारास पालकत्वाच्या तीन तऱ्हा मांडल्या. पहिली हुकमाची: मी सांगतो म्हणून कर. दुसरी ठाम पण मोकळ्या मनाची: नियम आहे, त्याचं कारण सांगितलं जातं, मुलाचं म्हणणं ऐकलं जातं, आणि तरीही नियम राहतो. तिसरी मोकाट सोडणारी: माया भरपूर, मागणं काहीच नाही. या तिसऱ्या घरांतली मुलं बॉमरिंड यांना कशी दिसली? स्वतःच्या बळावर काही करायला सर्वात मागे, नव्या गोष्टीला हात घालायला कचरणारी, स्वतःला आवरता न येणारी. हे अनेकांना अनपेक्षित होतं. अटकाव नसेल तर मूल धीट होईल असा समज होता. १९८३ मध्ये एलेनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी या तिसऱ्या तऱ्हेचे दोन भाग केले. एका घरात नियम नसतात पण माया असते, दुसऱ्यात नियमही नसतात आणि लक्षही नसतं. बाहेरून दोन्ही घरं सारखीच दिसतात. मूल रात्री अकरा वाजता रस्त्यावर असतं, एवढंच शेजाऱ्यांना कळतं. आत मात्र फार मोठा फरक आहे, आणि मेढ्याबद्दल बोलताना तो विसरला तर आपण आजीवर घोर अन्याय करू. इथल्या आजीचं लक्ष नसतं असं म्हणायची कोणाची छाती होणार नाही.

कॅलिफोर्नियात त्या काळी मोकाट सोडण्यामागे एक विचार होता. ए. एस. नील यांच्या इंग्लंडमधल्या समरहिल शाळेवरचं पुस्तक १९६० मध्ये अमेरिकेत निघालं आणि मुलावर काहीच लादू नये असं मानणारा एक वर्ग तयार झाला. मेढ्यात नील कोणी वाचलेला नाही. इथला लाड तत्त्वज्ञानातून आलेला नाही. तो आला आहे तुटलेल्या भेटींतून, आणि हे मला सर्वात स्पष्ट दिसतं ते जत्रेच्या दिवसांत.

जत्रेला मुंबईकर येतात. गाव भरतं. चार दिवसांसाठी बाप घरी असतो. त्या चार दिवसांत त्यानं काय करावं? पोराचा अभ्यास घ्यावा, उलट उत्तराबद्दल रागवावं, आणि मग ट्रॅव्हल्सला बसून निघून जावं? कोणता बाप हे करील? तो पोराला जत्रेत फिरवतो, मागेल ते घेऊन देतो, मोबाईलचा हट्ट असेल तर साताऱ्याला नेऊन मोबाईल घेतो. वर्षभर खोलीत सात-आठ जणांबरोबर राहून, पहाटे बाजारात पोती उचलून त्यानं जे साठवलं ते या चार दिवसांत पोराच्या चेहऱ्यावर बघायचं असतं. ‘हाय तरी कोणासाठी?’ असं तो म्हणतो, आणि त्याला उत्तर नसतं. तो गेल्यावर आजी काय सांगणार, की मोबाईल संध्याकाळी सातनंतर बंद? ‘पप्पांनी घेतलाय, तू कोण सांगणार?’ सात वर्षांचं पोर हे बोलतं, आणि आजी गप्प बसते, कारण त्या घरात पैसा कुठून येतो हे तिला पोरापेक्षा जास्त माहीत असतं.

दुसरं कारण कमी बोललं जातं. आजच्या तिशी-चाळिशीतल्या बापांनी लहानपणी मार खाल्लेला आहे. दारू पिऊन आलेल्या बापाचा, मास्तरांच्या फोकाचा, चुलत्याचा. त्यातल्या अनेकांनी मनाशी ठरवलेलं असतं की माझ्या पोरावर हात उगारणार नाही. हा निश्चय मोठा आहे आणि मी त्याला मनापासून मान देते. अडचण अशी की मार सोडला तर त्याच्या जागी काय ठेवायचं हे त्यांना कोणी दाखवलं नाही. त्यांच्या बालपणात दोनच गोष्टी होत्या, मार आणि सुटका. मार काढून टाकला की सुटकाच उरते.

आणि मुलं कमी झाली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ इतका आहे, म्हणजे एका बाईमागे सरासरी दोनही मुलं नाहीत. पाच भावंडांत हट्ट करणाऱ्याला भावंडंच जागेवर आणत. लाडूची वाटणी, अंथरुणातली जागा, धाकट्याला कडेवर घेण्याची पाळी यातून ‘मला हवं ते मला आत्ताच मिळणार नाही’ हे आपोआप अंगवळणी पडे. एकुलत्याला हे कोण शिकवणार?

आता हट्ट नेमका कसा वाढतो ते बघू, कारण इथे शास्त्राची खरी मदत होते. ऑरेगॉनमधले संशोधक जेराल्ड पॅटरसन यांनी घरांमध्ये जाऊन आईबाप आणि मुलांमधली भांडणं क्षणाक्षणानं नोंदवली, आणि १९८२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना जे दिसलं ते प्रत्येक आजीनं अनुभवलेलं आहे. मूल मागतं. मोठं माणूस नाही म्हणतं. मूल आवाज चढवतं. मोठं माणूस पुन्हा नाही म्हणतं, जरा चिडून. मूल लोळण घेतं, वस्तू फेकतं. मोठं माणूस थकून देऊन टाकतं. रडं थांबतं. या क्षणी दोघांनाही बक्षीस मिळालेलं असतं: मुलाला वस्तू, मोठ्याला शांतता. म्हणून दुसऱ्या दिवशी दोघंही तेच करतात. मूल लवकर लोळण घेतं, मोठं माणूस लवकर देतं. यात कोणीच वाईट नाही. दोघंही एकमेकांना शिकवत असतात, आणि दोघंही उत्तम विद्यार्थी असतात.

यातली वाईटात वाईट गोष्ट वेगळीच आहे. रोज न देता कधीतरी देणं, हे रोज देण्यापेक्षा हट्ट पक्का करतं. बक्षीस नेहमी मिळत असेल तर ते बंद झाल्याचं लवकर कळतं. कधी तिसऱ्यांदा, कधी दहाव्यांदा रडल्यावर मिळत असेल तर मूल रडणं सोडतच नाही, कारण पुढच्या खेपेला मिळेलच. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवर बी. एफ. स्किनर यांनी हे दाखवून दिलं होतं. जी आजी सकाळी ठाम राहते आणि संध्याकाळी पाठ दुखायला लागल्यावर मोबाईल देऊन टाकते, ती स्वतःला दुबळी समजते. खरं तर तिनं दिवसभर लढा दिलेला असतो. दुःख एवढंच, की असा अर्धा लढा न लढण्यापेक्षा महाग पडतो. सभेत हे समजावून सांगितलं की काही बायकांच्या डोळ्यांत पाणी येतं. मला वाटतं, ते सुटकेचं असतं. आपलं पोर मुळातच वाईट आहे असं त्या इतके दिवस समजत आलेल्या असतात.

मोबाईल हा यात नवा गडी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं एप्रिल २०१९ मध्ये सांगितलं की एक वर्षाखालच्या बाळाला पडदा दाखवूच नये, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको, त्याहून कमी असेल तर बरंच. इथल्या घरांत दोन वर्षांचं मूल मोबाईल समोर ठेवल्याशिवाय घास घेत नाही. हे ऐकून शहरी वाचकानं नाक मुरडू नये, त्याच्याही घरी तेच चाललेलं आहे. पण डोंगरातल्या वाडीवर, सुनेला शेतात जायचं आहे, सासूचे गुडघे दुखतात, तिथे हा पडदा मोलकरणीचं काम करतो. तो काढून घ्या असं सांगणाऱ्यानं त्या तासाभरात मूल कोण सांभाळणार हेही सांगायला हवं.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. आजीचे लाड काय आज सुरू झाले? आमच्याही आजीनं आम्हाला पदराआड घेतलं, चोरून गूळ दिला, बापाच्या मारातून सोडवलं. आम्ही बिघडलो का? नाही बिघडलो. त्याचं उत्तर शोधताना मला या विषयाचं मर्म हाती लागलं असं वाटतं.

आजीचा लाड तेव्हा एकटा नव्हता. त्याच्या भोवती नाही म्हणणारी माणसं होती. चुलता होता, ज्याच्या नुसत्या खाकरण्यानं पोरं पांगत. भावकीतली म्हातारी होती, जी कोणाच्याही पोराला ‘कुणाचं रं तू?’ म्हणून हटकत असे. मास्तर गावात राहत. आणि या सगळ्यांच्या वर काम होतं. चिखलणीच्या दिवसांत दहा वर्षांच्या पोरालाही खाचरात उतरावं लागे. गुरं वेळेवर सोडली नाहीत तर ती हंबरत, आणि गुरांपुढे हट्ट चालत नाही. आजीची माया ही खाचरातल्या पाण्यासारखी होती, चारी बाजूंनी बांध होते म्हणून ती भाताला पोसत होती. ते बांध एकेक करून गेले. चुलता वेगळा निघाला किंवा मुंबईला गेला. दुसऱ्याच्या पोराला हटकणं म्हणजे भांडण ओढवून घेणं झालं. मास्तर साताऱ्याहून मोटारसायकलनं येऊन-जाऊन करतात. गोठे रिकामे झाले. आजी तेवढी जागेवर आहे आणि ती पूर्वी जे करत होती तेच आजही करते आहे. तिचं काही चुकलेलं नाही. तिच्या भोवतालचं गाव उठून गेलं आहे.

जगातलं संशोधनही या बाजूनं वाचता येतं. अमेरिकेत सूझी लॅम्बॉर्न, लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये विस्कॉन्सिन आणि कॅलिफोर्नियातल्या चौदा ते अठरा वर्षांच्या सुमारे ४,१०० मुलांची माहिती प्रसिद्ध केली. लाडात वाढलेल्या मुलांना स्वतःबद्दल विश्वास भरपूर होता. पण शाळेत त्यांचं मन कमी लागत होतं, वर्तनाच्या तक्रारी जास्त होत्या, नशेच्या पदार्थांकडे ओढाही जास्त होता. उलट स्पेनमध्ये फर्नांदो गार्सिया आणि एन्रीके ग्रासिया यांना २००९ मध्ये असं दिसलं की लाड करणाऱ्या घरांतली किशोरवयीन मुलं ठाम नियमांच्या घरांतल्या मुलांइतकीच, काही बाबतींत त्यांच्याहूनही चांगली होती. हे दोन निष्कर्ष पाहून काहीजण शास्त्रावरच वैतागतात. मी स्पेनमधल्या त्या घरांचा अर्थ असा लावते: तिथले आईबाप मुलाच्या आयुष्यात हजर होते, त्याच्याशी बोलत होते, समजावत होते. शिक्षा नव्हती, पण सहवास होता. मेढ्यातल्या मुलाला मिळणारी सूट ही गैरहजर माणसानं दिलेली सूट आहे. दोन्हींना एकच नाव देऊ नये.

आता एका अशा गोष्टीकडे येते जिच्याशिवाय हे पुस्तक लिहिण्यात अर्थ नव्हता. आतापर्यंत मी ‘मूल’ म्हणत आले. खरं तर बहुतेक ठिकाणी मुलगा म्हणायला हवं होतं.

सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलण्यात आली. त्या सगळ्यांचं नाव ‘नकुशी’ किंवा त्याच्याच जवळचं काहीतरी होतं. मुलगा हवा होता, पुन्हा मुलगी झाली, म्हणून नको असलेली. जिल्हा परिषदेनं हा कार्यक्रम घेतला आणि त्या मुलींनी स्वतःला आवडतील अशी नवी नावं घेतली. बातमी परदेशातही छापून आली. नावं बदलली हे चांगलंच झालं. पण ज्या घरात तिसरी किंवा चौथी मुलगी नकुशी ठरली त्याच घरात नंतर जो मुलगा आला असेल, तो कसा वाढला असेल याची कोणी बातमी केली नाही. नवसानं झालेला, चार बहिणींच्या पाठचा. त्याला कोण नाही म्हणणार?

बॉमरिंड यांनी घरांच्या तऱ्हा केल्या. आमच्याकडे एकाच छपराखाली दोन तऱ्हा नांदतात. मुलाला मोकाट सूट, मुलीला हुकूम. तो जेवून ताट तिथेच ठेवून उठतो, ती ते उचलते. तो रात्री कुठे असतो हे विचारलं जात नाही, ती साडेपाचला घरी नसली तर फोन लागतात. त्याच्या हट्टाला ‘पुरुषाची जात’ म्हणतात, तिच्या हट्टाला ‘थेर’. आणि दरवर्षी बारावीचा निकाल लागतो तेव्हा राज्यभर मुलींचं उत्तीर्ण होण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं. काहीजण त्यातून असा अर्थ काढतात की बघा, धाकात ठेवलं की पोरं शिकतात. मी तो अर्थ मुळीच स्वीकारत नाही. मुलीला वळण मिळतं, पण तिचं ऐकून घेणारा कान तिला मिळत नाही. ती नीट अभ्यास करते आणि स्वतःचं लग्न ठरत असताना तोंडातून शब्द काढत नाही. मुलाला कान मिळतो, वळण मिळत नाही. एकाच घरानं दोन अर्धी माणसं घडवलेली असतात. आणि पुढे त्या मुलाचं लग्न होतं, तेव्हा ज्या बाईला त्याला पहिल्यांदा नाही म्हणावं लागतं ती त्याची बायको असते. तिला त्याची किंमत मोजावी लागते. लाडांचे परिणाम मुलांवर काय होतात असा प्रश्न विचारला जातो. ते परिणाम मुलाच्या बायकोवर काय होतात, हा प्रश्न मला तितकाच निकडीचा वाटतो.

परिणाम रस्त्यावरही दिसतात. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव परदेशी गाडीनं मोटारसायकलला धडक दिली आणि दोन तरुण अभियंते जागीच गेले. गाडी चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा होता. त्याला काही तासांत जामीन मिळाला आणि तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं गेलं, त्यावर देशभर संताप उसळला. पुढे त्याच्या रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला आणि आईवडिलांनाही अटक झाली. खरंखोटं न्यायालय ठरवील. त्या दिवसांत मेढ्यातही सगळे त्यावर बोलत होते, श्रीमंतांची पोरं अशीच, असं म्हणत होते. आणि त्याच वेळी समोरून चौदा वर्षांचं पोर दोन मित्रांना मागे बसवून स्कूटर हाकत जात होतं. कायद्यानं सोळाव्या वर्षी पन्नास सीसीपर्यंतचंच वाहन चालवता येतं, त्यापुढचं अठराव्या वर्षी. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १९९-अ हे कलम आलं: अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. गाडी मुंबईतल्या बापाच्या नावावर असते. किल्ली आजीच्या फळीवर असते. कायद्याच्या नजरेत उत्तर बापाला द्यायचं आहे, किल्ली देताना मात्र तो दोनशे-अडीचशे किलोमीटर लांब असतो. पुण्यातला पैसा मोठा, इथला लहान. केळघरच्या घाटातलं वळण पैशाकडे बघत नाही.

हे सगळं ऐकलं की सभेत एखादे आजोबा उठून म्हणतात, ‘फोक पाहिजे.’ टाळ्या पडतात. मी त्या टाळ्यांच्या विरोधात आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं शाळेतली मारहाण आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलं, ते योग्यच झालं. मार खाऊन मोठ्या झालेल्या पिढीनं घरी काय केलं हे या खोऱ्यातल्या बायकांना विचारावं. छडी आणि लाड यांच्यापलीकडे तिसरी वाट नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी साताऱ्याचा स्वतःचा इतिहास आठवावा.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. धनिणीच्या बागेतल्या त्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. मुलं स्वतः स्वयंपाक करत, झाडलोट करत, शेतात राबत, आणि शिकत. ‘कमवा आणि शिका’ हा पुढे घोषणेसारखा वापरला गेलेला शब्द तिथे रोजचा दिनक्रम होता. आणि माया? मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. त्यापेक्षा मोठी माया कोणती असेल? पण त्या मायेनं मुलाच्या हातचा झाडू काढून घेतला नाही. आपल्यावाचून या घराचं काहीतरी अडतं, हे त्या मुलांना रोज कळत होतं. आजच्या लाडक्या मुलाला नेमकं हेच कळत नाही. त्याच्यावाचून घरातलं कुठलंच काम अडत नाही.

दुसरा वारसा ताराबाई मोडकांचा. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करून त्या महाराष्ट्रात आल्या. बोर्डीला, मग कोसबाडला, आदिवासी पाड्यांत अनुताई वाघांना सोबत घेऊन त्यांनी बालवाड्या चालवल्या. मुलाच्या स्वातंत्र्याचा इतका मोठा कैवार मराठीत क्वचितच कोणी घेतला असेल. तिथे शिक्षा नव्हती, धाक नव्हता. पण मूल स्वतःचे हात स्वतः धूत होतं, वस्तू घेतली की जागेवर ठेवत होतं, दुसऱ्याचं काम संपेपर्यंत थांबत होतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला हे जमतं यावर त्यांचा विश्वास होता. मूल लोळण घेईल म्हणून त्याला घाईनं मोबाईल देणारं घर वरवर मुलाला मान देतं, पण आतून त्याच्या क्षमतेवर त्या घराचा विश्वास नसतो. त्याला रडं सोसणार नाही, थांबता येणार नाही, असं त्या घरानं आधीच ठरवून टाकलेलं असतं.

ठामपणा इथल्या बायकांना परका नाही. याच जावळी तालुक्यातल्या बायकांनी गावोगाव आडव्या बाटलीला मतदान करून दारूची दुकानं बंद पाडली. नवऱ्यांचा, दुकानदारांचा, पुढाऱ्यांचा विरोध सोसून. ज्यांनी परवानाधारक दुकानाला नाही म्हटलं त्यांना सात वर्षांच्या नातवाला नाही म्हणता येत नाही, हे कोडं मला बरेच दिवस सतावत होतं. फरक असा की तिथे त्या एकट्या नव्हत्या. आख्ख्या गल्लीनं मिळून नाही म्हटलं होतं. घरातला नकार प्रत्येकीला एकटीनं द्यावा लागतो, आणि शेजारची देते आहे हे पोराला माहीत असतं. ‘त्याला दिला, मग मला का नाही?’ म्हणून या पुस्तकात जिथे जिथे काही करून पाहा असं म्हटलं आहे तिथे एका घरानं नव्हे, चार-पाच घरांनी मिळून करायचं म्हटलं आहे. आळीतल्या सगळ्यांनी मिळून मोबाईलची एक वेळ ठरवली तर ‘त्याला दिला’ हे वाक्यच संपतं.

मुंबईतल्या बापालाही यात जागा आहे. रोज रात्री फोन होतोच. त्या फोनवर तो पोराला विचारतो, ‘काय पाहिजे?’ त्याऐवजी आजीशी आधी बोलून, आज काय ठरलं ते समजून घेऊन, पोराला तेच सांगणं, एवढं तरी लांबून होण्यासारखं आहे. ‘आजी म्हणाली ते माझंच म्हणणं’ हे वाक्य बापाच्या तोंडून ऐकलं की आजीचा शब्द दुप्पट वजनाचा होतो. त्याला पैसे लागत नाहीत, सुट्टी लागत नाही.

पुढची प्रकरणं वयाच्या क्रमानं लावलेली नाहीत. ज्या गोष्टीवरून घरात सर्वात जास्त वेळा माघार घेतली जाते तिथून सुरुवात केली आहे, आणि ती गोष्ट जेवण आहे. दुकानातली पाच रुपयांची पुडी खाऊन पोट भरलेलं मूल भाकरीला तोंड लावत नाही, मग त्याच्या समोर मोबाईल धरला जातो, आणि घास आत जातो तो न कळता. भूक लागेपर्यंत थांबायचं, पुडी जेवणाआधी घरात आणायची नाही, आणि मूल एक वेळ जेवलं नाही तर घाबरायचं नाही, हे तीन-चार दिवस सोसता आलं तर बाकीचं सोपं जातं. निरोगी मूल समोर अन्न असताना उपाशी राहत नाही. आजारी, अशक्त किंवा वजन न वाढणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी, त्याला आधी डॉक्टरांना दाखवावं आणि हे प्रकरण त्यानंतर वाचावं.